माहेर, गिरणी आणि बाळंतपणाचा हक्क : रत्नागिरीतून मुंबईस गेलेल्या कामगार मातांच्या संदर्भात

कोकणातील बाळंतपणाचा सामाजिक विचार बहुधा 'माहेर' या शब्दापाशी येऊन थांबतो. पहिलटकरणीने सातव्या महिन्यात माहेरी यावे, सुईणीच्या हातून सुटका व्हावी, पुढे शेक-शेगडी, तेल लावून न्हाणे, आळीव-डिंकाचे लाडू आणि सव्वा महिन्याची विश्रांती, असा हा क्रम होता. यात बाळंतिणीला स्वतःसाठी काही मागावे लागत नसे. किंबहुना सुयेराच्या कल्पनेमुळे चूल आणि पाणी तिच्याकडून काढूनच घेतले जाई. विटाळाची ही कल्पना अपमानास्पद होती यात शंका नाही. तथापि कष्टकरी बाईच्या अंगाला जी काही उसंत मिळे, ती बव्हंशी तिच्याच आडोशाने मिळे, हेही नमूद करणे भाग आहे.

मात्र या व्यवस्थेला काही गोष्टी गृहीत धराव्या लागत. माहेरी कोठीत दाणा हवा, हाताखाली दुसरी बाई हवी आणि मुख्य म्हणजे माहेर गाठता यायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी जिल्ह्यातील (त्यात त्यावेळी आजचा सिंधुदुर्गही समाविष्ट होता) हजारो कुटुंबांच्या बाबतीत नेमके हेच अवघड होऊ लागले. नापीक जमीन आणि खोतीचा जाच यांमुळे माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे वळली. पुरुष मुंबईस व बाईमाणूस गावी, असे चित्र सर्वसाधारणपणे रंगविले जाते व ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु 1920 च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा भाग स्त्रियांचा होता आणि त्यांत कोकणातून आलेल्या स्त्रियाही होत्या. इतिहासलेखनात त्यांच्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

यांपैकी ज्यांना शक्य होई त्या बाळंतपणाला गावी जात. आगबोटीचा प्रवास हाच तेव्हा सोयीचा मार्ग होता व पावसाळ्यात किनाऱ्यावरील ही वाहतूक बंद पडे. श्रावणात दिवस भरणाऱ्या बाईला ज्येष्ठापूर्वीच निघावे लागे, म्हणजे तेवढ्या महिन्यांची मजुरी बुडे. उरलेल्या स्त्रिया चाळीतील एका खोलीत बाळंत होत. 1921 साली मुंबईतील नोंदलेला बालमृत्युदर हजारी सहाशेहून अधिक होता. या आकड्याकडे थोडे सावधपणे पाहावे लागते. अनेक मुले गावी जन्मत आणि मुंबईत दगावत. त्यामुळे जन्माची नोंद एकीकडे व मृत्यूची दुसरीकडे होऊन शहराचा दर फुगे. पण ही सूट देऊनही परिस्थिती भयानकच ठरते.

1919 च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रसूतीच्या आधी व नंतर सहा-सहा आठवड्यांच्या रजेचा ठराव केला. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही. केवळ चौकशीचे मान्य केले. त्यानुसार डॉ. बार्न्स यांनी मुंबईतील कामगार स्त्रियांची पाहणी केली. 1922 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातील एक आकडा विसरता येण्यासारखा नाही : कामगार स्त्रियांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. आई दिवसभर साच्यावर किंवा बॉबिनांपाशी उभी असताना बाळ निजून राहावे, यासाठी या 'बाळगोळ्या' होत. यात आईचा निष्काळजीपणा पाहणाऱ्यांनी हेही पाहावयास हवे की, मूल ज्याच्या हाती सोपवावे असे माणूस तिच्यापाशी नव्हते. माहेराच्या जागी अफू आली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात 1924 साली मांडलेले विधेयक फेटाळले गेले. पुढे मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाचे विधेयक आले असता 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्या बाबासाहेबांना या स्थलांतराची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागली नसणार. त्यांचा मुद्दा असा की, प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलणे योग्य. परंतु स्त्रियांना कामावर ठेवून मालकाचाही लाभ होतो, तेव्हा त्यालाही यातून सुटता येणार नाही. येथे विश्रांती ही नात्यातली कृपा राहत नाही, ती देणे ठरते. हा फरक लेखिकांच्या आत्मचरित्रांतून दिसणाऱ्या बाळंतपणापेक्षा फार निराळा आहे.

1929 च्या मुंबई कायद्याने दिले ते इतके : प्रसूतीपूर्वी तीन व नंतर चार आठवडे, मुंबई शहरात दिवसाला आठ आणे. नंतरचे चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस, म्हणजेच सव्वा महिन्याहूनही कमी. शिवाय संपूर्ण खर्च मालकावर असल्याने गरोदर बाईला कामावर न ठेवणे त्याला सोयीचे झाले. सरकारने भार उचलावा हा आंबेडकरांचा आग्रह किती व्यवहारी होता, हे यावरून लक्षात येते.

याच काळात मूळचे दापोली तालुक्यातील मुरुडचे रघुनाथ धोंडो कर्वे जुलै 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवीत होते. बाईने आपल्या शरीराची निगा राखायची तर किती बाळंतपणे सोसायची हे तिने ठरवावे, हा त्यांचा विचार गिरणीच्या चाळीपर्यंत क्वचितच पोहोचला असेल. पण कर्व्यांवरील 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनीच घेतले होते, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

1961 च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची आणि 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची रजा दिली. ही रजा मिळण्यासाठी हजेरीपटावर नाव लागते. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. मुंबईच्या मनिऑर्डरीवर घर आणि स्वतःच्या हातांवर भातशेती चालविणाऱ्या या बायकांपैकी बहुतेकींचे नाव कोणत्याही हजेरीपटावर कधी चढलेच नाही.