विमान कंपन्यांचे बिल्ले
विमान कंपन्यांची बोधचिन्हे, पंखाकृती बिल्ले व विमानांच्या चिमुकल्या धातुप्रतिकृती जमवून त्या टोपीवर मिरविण्याचा छंद. अमेरिकेत त्याला विशेष बहर आला, कारण पॅन ॲम (१९२७–९१) व टीडब्ल्यूए या कंपन्या बालप्रवाशांना वैमानिकासारखे पंख भेट देत. आरंभी धातूचे असलेले हे पंख पुढे प्लॅस्टिकचे झाल्याने धातूच्या नगांना संग्राहक अधिक मोल देतात. बिल्ल्याची खरी पारख पाठीमागून होते : तेथे निर्मात्याचा ठसा, डाख दिल्याची खूण व पकड दिसते. जुन्या बिल्ल्यांना बहुधा आडवी पिन किंवा आट्यांचा खिळा व चकती असते, तर दोन्ही कानांनी दाबताच सुटणारी, टोपीच्या जाड कापडाला सोयीची पकड नंतरच्या बिल्ल्यांत सर्रास आढळते. अस्सल मीना, म्हणजे भट्टीत वितळवून बसविलेला रंगीत काचेचा थर, बोटाला गुळगुळीत लागतो. बिल्ला घासून चकचकीत करणे हे त्याचे नुकसानच होय, कारण त्याने मुलामा झिजतो व जुनेपणाची साक्ष पुसली जाते. भारतात १९३२ मध्ये कराचीहून जुहूला टपाल आणणाऱ्या टाटांच्या विमानसेवेतून एअर इंडिया (१९४६) घडली. तिचा धनुर्धारी नराश्व आणि ‘महाराजा’ ही चिन्हे संग्राहकांना आजही प्रिय आहेत.