मिठाची दुसरी कथा

मालवणच्या दक्षिणेस, वेंगुर्ले तालुक्यांत, शिरोडें हें मिठागरांचें गांव आहे. १९३० च्या मे महिन्यांत सत्याग्रहींनीं येथें मिठाचा कायदा मोडला आणि मूठभर मिठासाठीं लाठीचा मार व कारावास पत्करला. मिठावांचून गरिबाचा घास अळणी राहतो, एवढें कारण त्यांस पुरेसें होतें. परंतु त्यापूर्वींच्या पन्नास वर्षांत युरोपांतील प्रयोगशाळांत याच मिठाची दुसरी एक कथा उलगडत होती. तिचा संबंध ती मूठ वळविणाऱ्या स्नायूंशींच होता.

लंडनचे वैद्य सिडनी रिंगर यांनीं १८८२ सालीं बेडकाचें हृदय मिठाच्या द्रावणांत चालतें ठेवलें. पुढें त्यांस कळून आलें कीं, तें द्रावण शुद्ध पाण्याचें नसून नळाच्या पाण्याचें होतें. शुद्ध पाणी वापरतांच हृदय मंदावून थांबे. नळाच्या पाण्यांतील चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, हाच हृदयाचा आधार होता. १८८३ सालीं रिंगर यांनीं आपली चूक स्वतःच छापून प्रसिद्ध केली. त्या कबुलींतूनच खरा शोध लागला.

पुढें १९०२ सालीं दोन महत्त्वाचे विचार मांडले गेले. स्नायूच्या पेशींत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षां ३० पटींहून अधिक असतें. त्याचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, आवरणांतून बाहेर झिरपूं पाहतात व आंतली बाजू ऋणभारित करतात, असें जर्मनीचे बर्नस्टाइन यांनीं सांगितलें. ओव्हरटन यांनीं बेडकाचा स्नायू साखरेच्या द्रावणांत ठेवला. तो उत्तेजनास प्रतिसाद देईना. थोडें मीठ घालतांच तो पुन्हां आकुंचन पावूं लागला. मिठांतील सोडियमवांचून स्नायू निश्चेष्ट होतो, हें त्यावरून दिसलें.

याचें कारण १९४९ सालीं हॉजकिन व कॅट्झ यांनीं दाखविलें. तेंही आपले कोळी ज्याला माकुल म्हणतात त्या जलचराच्या जाड मज्जातंतूवर. उत्तेजन मिळतांच बाहेरचें सोडियम आंत धांवतें व आंतली बाजू क्षणभर धनभारित होते. स्नायूंतही हाच क्रम चालतो. तेथें विश्रांतीच्या वेळचा विद्युद्दाब सुमारें ९० मिलिव्होल्ट असतो. १९५९ सालीं हॉजकिन व होरोविच यांनीं बेडकाच्या एकेका स्नायुतंतूभोंवतीं पोटॅशियम व क्लोराइड यांचें प्रमाण बदलून हा दाब कसा बदलतो तें मोजलें. बाहेर पोटॅशियम वाढलें कीं दाब घटतो. म्हणूनच रक्तांत तें फार वाढल्यास मनुष्याचें हृदय बंद पडूं शकतें.

शिरोड्याच्या सत्याग्रहींना हें शास्त्र ठाऊक असण्याची गरज नव्हती. उन्हांत राबणाऱ्याच्या घामाबरोबर मीठ वाहून जातें, हें मिठागरांतील मजुरास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु आज मागें वळून पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते. परकीय सरकारनें कर बसविला होता तो निव्वळ चवीवर नव्हे. ज्यावांचून नांगर धरणारा हात उचलत नाहीं आणि छातींतलें हृदय हलत नाहीं, त्या पदार्थावर तो कर होता.