लोणारचं गुलाबी पाणी आणि जुना खार

२०२० च्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि ती वार्ता आमच्या नागपुरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे पोचली. पाण्याचे नमुने इथल्या 'नीरी'कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठातच वाढणारे, गुलाबी रंगद्रव्याचे 'हॅलोआर्किया' हे सूक्ष्मजीव फोफावले, असं निदान निघालं. एरवी हे पाणी शेवाळामुळे हिरवं दिसतं.

लोकांना चमत्कार वाटला. मला मात्र रंगापेक्षा खाराची गोष्ट अधिक ओढ लावते. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यातून चांगला महसूल येतो, अशी नोंद अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त आहे. पुढे इंग्रजी अमदानीतल्या वऱ्हाडच्या नोंदींत तर खाराच्या प्रतीच सापडतात : डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. पाणी मागे सरलं, की हा खार काठावरून काढत.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची दखल घेतली. पुढे दीडशे वर्षं बहुतेकांचा कल ज्वालामुखीकडेच होता. १९७३ साली 'सायन्स' नियतकालिकातल्या लेखाने उल्कापाताचा पुरावा मांडला. प्रचंड आघातानेच बनणारी 'मास्केलिनाइट' ही काच इथल्या खडकात सापडली होती. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वय मात्र वादाचं! आधी सुमारे ५० हजार वर्षं म्हणत. २०११ साली आर्गॉन पद्धतीने ते ५ लाख ७० हजारांच्या घरात गेलं. अशी तफावत निघाली, की शास्त्रज्ञांचं भांडण ऐकायला मजा येते.

काठावरच्या झाडीत मोर, माकडं, घोरपडी आहेत. पाण्यावर रोहित पक्षीही उतरतात. २००० साली अभयारण्य झालं, नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत नाव लागलं. गंमत अशी, की या खाऱ्या पाण्याच्या कडेलाच गोड्या पाण्याची 'धार' अखंड वाहते. खरी नाजूक बाब तीच आहे. वरून गोडं पाणी, गावचं सांडपाणी आणि शेतांतली खतं किती उतरतात, यावर खाराचं प्रमाण ठरतं, आणि खारावर तिथले जीव. नागपूर खंडपीठात २००९ पासून जी जनहित याचिका चालली, तिच्या मुळाशी लोणारचं हेच जतन होतं.