सिनेट, अमेरिकेची

अमेरिकेच्या काँग्रेसचे, म्हणजे संघीय विधिमंडळाचे, वरिष्ठ सभागृह. १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेत प्रतिनिधित्वावरून लहान आणि मोठी राज्ये हातघाईवर आली होती. तडजोड अशी निघाली, की प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारख्या दोन. त्यामुळे सहा लाखांहून कमी वस्तीचे वायोमिंग आणि सुमारे चार कोटींचे कॅलिफोर्निया येथे तुल्यबळ ठरतात. लोकशाहीच्या दृष्टीने ही विषमता गंभीरच म्हणावी लागेल. पण राज्याचे समान प्रतिनिधित्व त्याच्या संमतीवाचून काढून घेता येत नाही, असे संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाचे बंधन आहे.

सदस्य १००, मुदत सहा वर्षे. दर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश जागांची निवडणूक होते. १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीपूर्वी राज्यांची विधिमंडळे सदस्य निवडत. आता मतदार थेट निवडतात. उपराष्ट्राध्यक्ष सभागृहाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, मात्र समसमान मते पडली तरच त्यांना मत देता येते.

सिनेटचे खरे वजन तिच्या संमतीत आहे. मंत्री, राजदूत आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांच्या नेमणुकांना ती लागते. आंतरराष्ट्रीय तहांना तर दोनतृतीयांश बहुमत हवे. व्हर्सायच्या तहाला ते मिळाले नाही. परिणामी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रसंघात अमेरिका कधीच सामील झाली नाही.