दुतोंड्या ॲक्सलची कुळकथा

सहाचाकी रेडिओ ट्रकचं किट उघडलं की बहुतेक जण आधी केबिन हातात घेतात. मी मधला ॲक्सल शोधतो. पुढचा ॲक्सल चाकं वळवतो, मागचा नुसता फिरवतो. मधल्याला मात्र पुढे एक आणि मागे एक अशी दोन तोंडं असतात. पुढच्या तोंडातून ताकद आत येते, तिच्यातला वाटा हा आपल्या दोन चाकांना देतो आणि उरलेली मागच्या तोंडातून शेवटच्या ॲक्सलकडे धाडतो. सहाच्या सहा चाकांना जोर मिळणं याच्यावर अवलंबून असतं, तरी खोक्यावरच्या चित्रात तो कधी दिसत नाही.

डब्ल्यूपीएल या चिनी कंपनीचे १:१६ मापाचे दोन ट्रक हौशी मंडळींत बरेच खपतात. बी-३६ हा सोव्हिएत उराल. बी-१६ चा तोंडवळा अमेरिकन एम-३५ च्या वळणाचा. अमेरिकन सैनिक ज्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणायचे तो अडीच टनी ट्रक. शीतयुद्धात हे दोघे काटेरी कुंपणाच्या दोन बाजूंना उभे होते. किटमध्ये मात्र दोघांचा मधला ॲक्सल एकच! सुटे भाग विकणारे पाकिटावर दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी छापतात.

‘कारखानदाराने एक साचा वाचवला’ असं म्हणून हे सोडून देता येतं, आणि ते खरंही आहे. पण खऱ्या उरालच्या आणि खऱ्या एम-३५ च्या पोटाखालची चित्रं जवळ ठेवून बघा. दोघांचाही मधला ॲक्सल दुतोंड्याच आहे. दोघांचीही गिअरपेटी ॲक्सलच्या डोक्यावर बसवलेली, दोन टप्प्यांत वेग उतरवणारी, आणि वरून शाफ्ट आरपार गेलेला. ही ठेवण आली कुठून, हा माझा खरा विषय.

रेडिओ गाड्यांचं बाकीचं कूळ सगळ्यांना माहीत आहे, ते एका दमात सांगून टाकतो. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी होडी चालवून दाखवली. शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७४ मध्ये रेडिओवर चालणारा शर्मन रणगाडा काढला, १९७६ मध्ये पोर्शे ९३४ आणि १९९३ मध्ये १:१४ चा ‘किंग हॉलर’ ट्रक. मग चिनी किट आली आणि हौस स्वस्त झाली. पुढे.

सहाचाकी ट्रकांच्या बाबतीत एक लाडकी कथा सगळीकडे ऐकू येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सोव्हिएत संघाला ट्रक पुरवले. त्यांत स्टुडबेकर कंपनीचा यूएस-६ मोठ्या संख्येने होता. असे दोन लाखांच्या आसपास ट्रक बनले आणि बहुतेक तिकडेच गेले. स्टुडबेकरचं घराणंही गमतीदार. भावांनी १८५२ मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडला लोहारकामाचं आणि घोडागाड्यांचं दुकान टाकलं, आणि त्यांतला जॉन कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणीवर जाऊन सोनं खणण्याऐवजी खणणाऱ्यांना एकचाकी ढकलगाड्या विकत बसला. त्या पैशावर धंदा वाढला. एका चाकापासून सहा चाकांपर्यंत! तर कथा म्हणते की रशियनांनी स्टुडबेकर पाहिला, त्यावरून झिस-१५१ केला, त्यावरून झिल-१५७, आणि त्यावरून उराल. झिल-१५७ ची आवृत्ती पुढे चीनमध्ये चांगचुनच्या कारखान्यात ‘जिएफांग सीए-३०’ म्हणून निघाली, म्हणजे चिनी खोक्यातला उराल हा स्टुडबेकरचा खापरपणतू.

कथा इतकी गोड आहे की तिच्यावर हात उचलवत नाही. पण ॲक्सल मोजले, शाफ्ट मोजले, की ती मधेच तुटते.

स्टुडबेकर यूएस-६ खाली शाफ्ट पाच. गिअरबॉक्सकडून ट्रान्सफर केसकडे, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीकडे, एक, तिथून पुढच्या ॲक्सलला एक, मधल्याला एक. आणि शेवटच्या ॲक्सलसाठी ट्रान्सफर केसमधूनच वेगळा चौथा शाफ्ट निघतो, तो मधल्या ॲक्सलच्या पाठीवर बसवलेल्या बेअरिंगपर्यंत येतो आणि तिथून पाचवा मागे जातो. मधला ॲक्सल इथे फक्त खांदा देतो. त्याच्या पोटात मागच्याची ताकद जातच नाही. झिल-१५७ खालीही हेच, शाफ्ट पाच. इथवर स्टुडबेकरचं रक्त स्पष्ट आहे. (केबिनचं श्रेय काही जण इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रकला देतात, नाक बघता मला ते पटतं, पण पत्र्यावरून कूळ ठरवू नये.)

उरालखाली मात्र शाफ्ट चार. झिल-१३१ खालीही चार. चौथा शाफ्ट मधल्या ॲक्सलच्या पाठीमागच्या तोंडातून निघून शेवटच्याकडे जातो. म्हणजे स्टुडबेकरची वंशावळ झिल-१५७ पाशी संपते आणि उराल दुसऱ्याच घरचा निघतो.

स्टुडबेकरवाल्यांनी पाच शाफ्टांचा पसारा का मांडला असेल? माझ्या मते कारण सरळ आहे. आरपार शाफ्ट नसला की मधला आणि मागचा ॲक्सल हुबेहूब एकच ठेवता येतो. लाखांनी ट्रक पाडायचे असतील आणि आघाडीवर एका मोडक्या ट्रकचा ॲक्सल दुसऱ्याला लावायचा असेल तर एक बेअरिंग आणि एक शाफ्ट जास्तीचा परवडतो. जनरल मोटर्सच्या सीसीकेडब्ल्यू ट्रकनेही हाच मार्ग धरला होता, आणि तो तर साडेपाच लाखांहून अधिक बनला.

मग दुतोंड्या कुठला? त्यासाठी युद्धाच्या मागे जावं लागतं. ज्याने ही वाट पाडली तो म्हणजे वर्म गिअर.

नेहमीच्या क्राऊन-पिनियनमध्ये पिनियन क्राऊनच्या तोंडाशी येऊन थांबतो. शाफ्ट तिथेच संपतो. पुढे जायला वाटेत क्राऊन आणि डिफरन्शियल आडवे. वर्मचं तसं नाही. आटे पाडलेला हा दांडा क्राऊनच्या डोक्यावरून घासत जातो. तो क्राऊन फिरवतो आणि स्वतः पलीकडे मोकळा बाहेर पडतो. त्या टोकाला एक जॉइंट लावा, शाफ्ट जोडा, की मागचा ॲक्सल तयार. इतकं सोपं. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश युद्धखात्याला वाळवंटात आणि चिखलात चालणारे सहाचाकी ट्रक हवे होते. तेव्हा मॉरिस-कमर्शियलच्या ‘डी’ ट्रकांसारख्या गाड्यांच्या मागच्या दोन ॲक्सलांना डोक्यावरून वर्म दिला गेला. अमेरिकेत टिमकेन-डेट्रॉइट ॲक्सल कंपनी वर्म ॲक्सल विकत होतीच.

आणि इथे मला तो दुवा सापडला ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. १९३० च्या आसपास सोव्हिएत संघाने सहाचाकी फोर्ड घेतले. रशियन वाहनांच्या इतिहासात ते ‘फोर्ड-टिमकेन’ या जोडनावाने ओळखले जातात. त्यांच्यावरून गॉर्कीचा जीएझेड-एएए बेतला गेला, आणि त्याच सुमाराला मॉस्कोचा झिस-६ आला. दोन्हींचे मागचे ॲक्सल वर्मचे. मधला ॲक्सल दुतोंड्या! पुढची चाकं मात्र मेलेली. जोर फक्त मागच्या चारांना. तेव्हा याला उरालचा बाप म्हणता येणार नाही, आजोबा म्हणू.

या कुळाला एक साक्षीदार आहे, कात्युशा. बीएम-१३ हा अग्निबाण सोडणारा सांगाडा आधी झिस-६ वर बसला आणि १४ जुलै १९४१ ला ओर्शाच्या रेल्वे ठाण्यावर त्याने पहिल्यांदा मारा केला. शरद ऋतूत मॉस्कोचा कारखाना पूर्वेकडे हलवावा लागला, झिस-६ बंद पडला, आणि कात्युशा स्टुडबेकरच्या पाठीवर गेली. युद्धानंतर तिच्या धाकट्या बहिणी झिस-१५१ आणि झिल-१५७ वर बसल्या. मग १९६० च्या दशकात ‘ग्राड’ आली ती उराल-३७५ वर. आपल्या तोफखान्याकडे हीच ग्राड आहे. म्हणजे सांगाड्याने ट्रक बदलले त्या क्रमाने मधला ॲक्सल बघत गेलात तर आधी दुतोंड्या, मग पाच शाफ्टवाला, मग पुन्हा दुतोंड्या. मधली वीस वर्षं परक्याच्या घरात गेली आणि मग जुनी चाल परत आली, असं मी म्हणतो.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप एम-३५ चा. तो आला १९५० च्या सुमारास, उराल-३७५ चं उत्पादन सुरू झालं १९६१ मध्ये. एम-३५ मध्ये वर्म नाही. डोक्यावर गिअरपेटी, दोन टप्पे, शाफ्ट आरपार. उरालमध्ये तंतोतंत तीच मांडणी. मग आजोबाकडे कशाला जायचं, शेजाऱ्याकडे बघून उचललं म्हणा की! यात तथ्य आहे. वर्मच्या चाकाला काशाच्या जातीचा महागडा धातू लागतो, तो तापतो, ताकद खातो. मोठ्या इंजिनाला तो पुरणारा नव्हताच, तेव्हा दात दुसरीकडून आले हे मला मान्य आहे. पण आरपार जायची कल्पना मॉस्कोच्या इंजिनियरांना अमेरिकन ट्रक उलटा करून शिकावी लागली, हे नाही पटत. ज्यांनी १९३० च्या दशकात असे ॲक्सल हजारांनी बसवले ते सगळे १९५० मध्ये काही निवृत्त झाले नव्हते.

दुसरा आक्षेप टाट्राचा. चेकोस्लोव्हाकियात हान्स लेडविंका यांनी १९२३ च्या टाट्रा-११ मध्ये चासीच काढून टाकली आणि मधोमध एक जाड नळी ठेवली. शाफ्ट त्या नळीतून जातो. नळी लांबवा, ॲक्सल वाढवा. सहा करा, आठ करा. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने घडवलेला पिनाक हा अग्निबाणांचा सांगाडा ज्या आठचाकी टाट्रावर उभा आहे त्याच्या पोटातही हीच नळी. आरपार शाफ्टचा मान द्यायचा तर टाट्राला द्या, असं काही जण म्हणतात. मान देऊ, पण वारसा नाही. टाट्राचे दोन्ही बाजूंचे अर्धे अर्धे ॲक्सल स्वतंत्र झुलतात. उराल, एम-३५ आणि तुमचं किट यांत एकसंध कडक ॲक्सल पाट्यांवर बसलेला असतो. ते घर वेगळं, हे घर वेगळं.

राहता राहिला पहिला आक्षेप, आणि त्याचा निकाल लावायला गेलं की पुन्हा टिमकेनच भेटतो. एम-३५ च्या ॲक्सलला अमेरिकन हौशी ‘रॉकवेल’ म्हणतात. भंगारातून उचलून मॉन्स्टर ट्रकांखाली घालतात. ही रॉकवेल म्हणजे १९५३ च्या विलीनीकरणानंतरची टिमकेन-डेट्रॉइट ॲक्सल कंपनी. स्टुडबेकर यूएस-६ चे ॲक्सलही टिमकेनचेच होते. तेव्हा माझा आजोबा घ्या, आक्षेपवाल्यांचा शेजारी घ्या किंवा लाडक्या कथेतला स्टुडबेकर घ्या, उंबरठा एकच. हेन्री टिमकेन आधी सेंट लुईसचे घोडागाडीवाले. त्यांचं शंकूच्या आकाराच्या रोलर बेअरिंगचं पेटंट १८९८ चं, म्हणजे टेस्लाच्या होडीच्या वर्षीचं. आज जमशेदपूरलाही टिमकेनच्या नावाने बेअरिंग बनतात. दोन घोडागाडीवाले, स्टुडबेकर आणि टिमकेन, एका सहाचाकीच्या खाली भेटले याचं मला भारी कौतुक वाटतं. त्यातून काही सिद्ध होत नाही हेही कबूल.

आता किटकडे. दुतोंड्याची परीक्षा जोडतानाच घ्यावी लागते. क्राऊन हाउसिंगमध्ये डावीकडे बसेल तसा उजवीकडेही बसतो, आणि बाजू चुकली की त्या ॲक्सलची चाकं उलटी फिरतात. मोटर लावायच्या आधी चासी उताणी धरायची, ट्रान्सफर केसचा दांडा चिमटीत धरून सावकाश फिरवायचा आणि सहाही टायर एकाच दिशेला निघालेत का ते बघायचं. स्वस्त किटमध्ये डिफरन्शियल नसतो, डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर घट्ट. त्यामुळे एखादा ॲक्सल उलटा फिरू लागला की गाडी जागच्या जागी दात खाते आणि सगळ्यात आधी प्लॅस्टिकचा पिनियन झिजतो. शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांच्या जॉइंटचे काटे एका पातळीत हवेत. सरकता शाफ्ट काढून घालताना एक खाच इकडेतिकडे झाली तर मधल्यापासून मागच्याकडे जाणारा तो आखूड तुकडा थरथरायला लागतो, आणि आखूड असल्यामुळे कोन मोठा, म्हणून थरथर जास्त. धातूत जाणाऱ्या ग्रब स्क्रूला थ्रेडलॉकचा ठिपका, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला अजिबात नाही. तो द्रव काही प्लॅस्टिकला तडे पाडतो.

ज्यांना उराल नको, झिल-१५७ च हवा, त्यांची पंचाईत वेगळी. त्यासाठी मागचे दोन्ही ॲक्सल एकतोंडी घ्यावे लागतात, मधल्याच्या पाठीवर बेअरिंगचा ठोकळा बसवावा लागतो, आणि तो ठोकळा ॲक्सलबरोबर हलत असल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना सरकते शाफ्ट लागतात. शिवाय ट्रान्सफर केसला मागच्या बाजूने दोन दांडे बाहेर यायला हवेत. किटमधल्या केसला सहसा एकच असतो. दुसरा काढायचा तर केसमध्ये जास्तीचा एक गिअर घालून नवं झाकण बनवायला लेथवाल्याकडे जावं लागतं, आणि एवढ्याशा कामाला तो किटच्या निम्मे पैसे मागतो.