हार्मोनियमची कालनिश्चिती

जुन्या हार्मोनियमचा काळ, मूळ स्थान व घडविणारा कारागीर ठरविण्याची पद्धती. मराठीत ‘पेटी’ या नावाने रूढ असलेले हे वाद्य यूरोपातून भारतात आले व येथे त्याचे रूप पालटले. त्यामुळे परदेशी सूर, कलकत्त्याची रचना, स्थानिक सुताराची चौकट आणि विक्रेत्याची नामपट्टी ही सर्व एकाच पेटीत एकत्र आढळू शकतात. नामपट्टीवरील नाव हेच निर्मात्याचे नाव असे गृहीत धरल्याने पुष्कळ निर्णय चुकतात.

मुक्तपणे कंप पावणाऱ्या जिभेचे तत्त्व चीनमधील शेंग या प्राचीन वाद्यात आढळते. पॅरिसमध्ये ग्रेनिए याने १८१० मध्ये या तत्त्वावर भात्याचे वाद्य तयार केले. त्यात सुधारणा करून दबँ याने १८४० च्या सुमारास त्यास ‘हार्मोनियम’ हे नाव दिले. कलकत्ता येथे १८७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘द्वारकीन’ या पेढीचे द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजविता येणारी, मागील बाजूस भाता असलेली हातपेटी प्रचारात आणली. यूरोपीय बनावटीची पायपेटी मात्र दीर्घकाळ वापरात राहिली. मराठी संगीत रंगभूमीवर पेटीला मोठे स्थान मिळाले आणि गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी स्वतंत्र वादनाचे वाद्य म्हणूनही तिला प्रतिष्ठा मिळवून दिली.

वऱ्हाडात नाटक मंडळ्यांचे दौरे होत. कापसाच्या व्यापाराने संपन्न झालेल्या खामगावास १८७० मध्ये लोहमार्गाचा फाटा मिळाल्याने अवजड वाद्ये आणणेही सुकर झाले. एखादी पेटी अमुक मंडळीची होती, अशी कौटुंबिक आख्यायिका त्यामुळे असंभाव्य ठरत नाही. पण केवळ तेवढ्यावरून ती सिद्धही होत नाही.

नामपट्टीचा खरा उपयोग काळासाठी होतो. बुलढाणा जिल्ह्याचा पत्ता या दृष्टीने विशेष बोलका आहे, कारण या जिल्ह्याची प्रशासकीय ओळख वारंवार बदलली. १८५३ पासून वऱ्हाड ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने इंग्रजी कारभाराखाली होते. १९०३ मध्ये ते मध्य प्रांतास जोडले गेले. ‘सी. पी. अँड बेरार’ हा उल्लेख त्यानंतरचा. १९५० मध्ये प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. ‘खामगाव, म. प्र.’ असा छापील पत्ता म्हणजे जेमतेम सात वर्षांचा काळ होय. सहा आकडी पिन क्रमांक १९७२ पूर्वी संभवत नाही. किंमत आण्यांत लिहिलेली असेल, तर ती साधारणतः १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीची. अर्थात जुन्या चिठ्ठ्या संपेपर्यंत वापरणारे दुकानदार सर्वत्र असतात. म्हणून नावाच्या बदलाचे वर्ष ही चिठ्ठीच्या वापराची शेवटची मर्यादा मानता येत नाही. ‘वेस्ट जर्मनी’ हा शिक्का १९४९ नंतरचा असतो, तर नुसता ‘जर्मनी’ असल्यास निष्कर्ष काढताना सावधगिरी हवी.

पेटीचे अंतरंग सुरांत असते. सूर म्हणजे पितळी पट्टीवर एका टोकाशी जखडलेली जीभ. कारागीर तिला ‘रीड’ म्हणतात. जुन्या पेट्यांत पॅरिसचे व जर्मनीचे सूर नावाजलेले होते. गुजरातेतील पालिताणा हे पुढे सूरनिर्मितीचे प्रसिद्ध केंद्र झाले. सुरावरील ठसा पाहताना शेजारचे सूरही पाहावेत. दोन-चार सुरांचाच ठसा वेगळा असेल, तर ते बहुधा दुरुस्तीत बसविलेले असतात. जिभेच्या टोकाशी घासल्यास स्वर चढतो, मुळाशी घासल्यास उतरतो. ही घासणीची खूण महत्त्वाची आहे, कारण फ्रान्सने १८५९ मध्ये ठरविलेला प्रमाणस्वर सेकंदास ४३५ कंपनांचा होता, तर १९३९ च्या लंडन परिषदेत तो ४४० मानण्यात आला. सर्व सुरांची टोके सारखीच घासलेली दिसली, तर पेटी मागाहून चढविली असावी, असा तर्क करता येतो.

लाकूड व जोडणी यांवरून मिळणारी माहिती दुय्यम असते. हस्तिदंती पट्टीवर सूक्ष्म, अनियमित रेषा दिसतात व ती बहुधा दोन तुकड्यांची असते; सेल्युलॉइडची पट्टी एकसंध असते. अधिकाच्या आकाराची खाच असलेला स्क्रू १९३० नंतरच्या दशकात आला. सरसाऐवजी पांढरा कृत्रिम डिंक असल्यास तो जोड अलीकडचा. ‘फेव्हिकॉल’ १९५९ पासूनचा आहे.

पायपेटी आणि अमेरिकन ऑर्गन यांत नेहमी गल्लत होते. पेटीत भाता हवा बाहेर लोटतो, ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. अमेरिकेतील ‘एस्टी’ कंपनीच्या ऑर्गनांवरील अनुक्रमांकांचे वर्षवार तक्ते उपलब्ध असल्याने त्यांचा काळ सुलभतेने ठरतो. देशी पेटीला असा आधार क्वचितच लाभतो.

जुन्या विद्युत् गिटारींच्या परीक्षणातही हाच न्याय लागू पडतो. त्यांतील आवाज कमीजास्त करणाऱ्या घटकावर छापलेल्या अंकांत उत्पादकाचा संकेत, वर्ष व आठवडा असतो; तो घटक मूळचा असेल, तर गिटार त्या आठवड्यापूर्वीची असू शकत नाही. नंतर किती दिवसांनी ती जोडली गेली, हे मात्र त्यावरून कळत नाही. पेटीच्या बाबतीतही मूळच्या भागांपैकी सर्वांत अर्वाचीन भागाचा काळ हीच तिच्या जन्माची सर्वांत आधीची सीमा होय. जुने फ्रेंच सूर काढून नव्या चौकटीत बसविलेले असतील, तर नोंदीत सुरांचा व चौकटीचा काळ वेगवेगळा द्यावा लागतो.