मोबाईल कमी करणारी ॲप्स आणि संध्याकाळी सातचा भोंगा

"डॉक्टर, मोबाईल कमी करायला एखादं चांगलं ॲप सांगा ना." इंदिरानगरमधल्या माझ्या क्लिनिकमध्ये हा प्रश्न आता वरचेवर येतो. विचारणारा कधी रात्री दोनपर्यंत जागणारा नोकरदार असतो, कधी मान आणि अंगठा दुखतो म्हणून आलेल्या ताई, तर कधी दहावीतल्या मुलाची आई. मोबाईलची सवय मोडायला मोबाईलमध्येच आणखी एक ॲप घ्यायचे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण अशी ॲप्स गेली दहा-बारा वर्षे बनत आहेत. त्यांचा इतिहास पाहिला की कोणता उपाय लागू पडतो आणि कोणता नाही, हे बरेचसे समजते.

सवय कशी लागली?

२००६ साली एझा रास्किन या अमेरिकन डिझायनरने 'इन्फिनिट स्क्रोल' तयार केले. त्याआधी पान संपले की 'पुढचे पान' हे बटण दाबावे लागे. त्या क्षणी माणूस थांबायचा, घड्याळ पाहायचा आणि उठायचा. रास्किनच्या युक्तीने पानाचा शेवटच नाहीसा झाला. पुढे त्याने स्वतःच याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

दुसरी गोष्ट आपल्या मेंदूची. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल हे ठाऊक नसले, की कबुतर चिकाटीने चोच मारतच राहते. व्हॉट्सॲप उघडताना आपलेही तेच होते. काहीतरी आले असेल, कदाचित नसेल. त्या 'कदाचित'साठीच हात खिशाकडे जातो. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि हा दाणा घरोघरी पोहोचला.

पहिली औषधे

२०१४ मध्ये केविन होलेश या अमेरिकन तरुणाने आयफोनसाठी 'मोमेंट' हे ॲप काढले. दिवसभरात फोन किती वेळ वापरला, हे ते मोजायचे. त्याच वर्षी तैवानमध्ये 'फॉरेस्ट' आले. त्यात पडद्यावर एक रोप वाढते आणि ठरलेली वेळ संपण्याआधी तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये गेलात तर ते वाळते. २०१४ मध्येच बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट क्लिनिक' सुरू केले.

२०१८ मध्ये गूगलने 'डिजिटल वेलबीइंग' आणि ॲपलने 'स्क्रीन टाइम' आणले. म्हणजे मोजण्याची सोय फोनमध्येच आली. आज माझे पेशंट मला आकडा दाखवतात, "रोज सहा तास, डॉक्टर!" आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच आकडा. यात नवल नाही. बीपीच्या मशीनने बीपी कळते, कमी होत नाही. वेळेची मर्यादा लावता येते, पण ती संपली की समोर 'पंधरा मिनिटांनी आठवण करा' आणि 'आजच्यापुरती मर्यादा सोडा' अशी बटणे येतात. गोड खाणाऱ्याच्या हातातच कपाटाची किल्ली दिल्यासारखे हे आहे.

सांगलीतले एक गाव

२०२२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात वेगळा उपाय झाला. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती फोन आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात. सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरवले की रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि घरोघरी मोबाईल व टीव्ही बंद होतील. साडेआठला पुन्हा भोंगा, मग हवे ते करा. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून आठवण करून देत.

या भोंग्याला मी एक उत्तम ॲपच म्हणतो. त्याची वेळ ठरलेली आहे आणि ती वेळ संपतेही, त्यामुळे मनाला धास्ती नाही. त्यावर 'आणखी पंधरा मिनिटे' हे बटण नाही. सर्वात महत्त्वाचे म्हणजे तो सगळ्यांसाठी वाजतो. बाबा सोफ्यावर रील पाहत असताना मुलाला "अभ्यास कर" म्हणणे तिथे चालत नाही. आणि मित्रांचेही फोन बंद असल्यामुळे आपले काही चुकतेय असे मुलाला वाटत नाही.

थांबण्याची जागा परत

२०२३ मध्ये 'वन सेक' या ॲपचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुम्ही इन्स्टाग्रामसारखे ॲप उघडायला गेलात की हे ॲप क्षणभर थांबवते, एक श्वास घ्यायला लावते आणि विचारते, खरंच उघडायचे आहे का? २८० जणांवरच्या या अभ्यासात सुमारे ३६ टक्के वेळा माणसे तिथूनच परत फिरली. सहा आठवड्यांनी उघडण्याचे प्रयत्नही पहिल्या आठवड्याच्या तुलनेत ३७ टक्क्यांनी कमी झाले. ॲप बनवणारा स्वतःच अभ्यासाच्या लेखकांपैकी एक होता, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत. तरी तत्त्व पटते. २००६ मध्ये काढून घेतलेली थांबण्याची जागा इथे परत दिली आहे.

म्हणून ॲप निवडताना, किंवा तुमच्या घरातला इंजिनिअर ते बनवत असेल तर, मी तीन गोष्टी पाहायला सांगतो. ते नुसते मोजते की उघडण्याआधी थांबवते? मर्यादा मोडण्याची किल्ली तुमच्याच हातात आहे की घरातल्या दुसऱ्या कुणाकडे? आणि ते एकट्यासाठी आहे की सगळ्या घरासाठी? ॲप नकोच असेल तर रात्री साडेनऊचा गजर लावा आणि सगळ्यांचे फोन हॉलमध्ये एकाच जागी चार्जिंगला ठेवा. आईवडिलांचे आधी.

शेवटी एक खुलासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत व्हिडिओ गेमच्या व्यसनाची नोंद आहे, 'मोबाईलचे व्यसन' अशी नाही. त्यामुळे लगेच स्वतःला किंवा मुलाला व्यसनी ठरवू नका. पण झोप उडाली असेल, शाळा किंवा काम बुडत असेल, फोन काढून घेतल्यावर मूल हिंसक होत असेल किंवा गप्प गप्प राहत असेल, तर ॲप शोधत बसू नका. डॉक्टरांना भेटा. अशा वेळी फोनच्या मागे नैराश्य किंवा चिंतारोग लपलेला असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.